खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

घटाभोवतीचे कोंब वीतभर उंच होतात, फुलांची आठवी माळ चढते आणि सोयगाव परिसरातल्या वाड्या-वस्त्यांवर एक वेगळीच लगबग सुरू होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चार महिने ठाण मांडून बसलेले ढग एव्हाना विरळ झालेले असतात. वेताळवाडीच्या किल्ल्याची तटबंदी पुन्हा स्वच्छ दिसू लागते आणि हळद्याचा घाट उतरून येणाऱ्याला खाली कपाशीची शिवारे पांढरी होऊ लागलेली दिसतात. जिल्ह्याचे बहुतेक पाणी गोदावरीच्या वाटेने जाते. आपले मात्र घाटाखालून तापीकडे धावते, आणि त्या उताराचे ओढे-नाले अजून खळाळत असतात. कुठे मका कापणीला आलेला, कुठे सोयाबीनची सुडी रचलेली. पावसाळा संपला असे पंचांग सांगते, पण हवेतला ओलावा अजून उठलेला नसतो. अशा या संधिकाळात घराघरांतले लोखंड अंगणात येते.

कोपऱ्यातून कुदळ निघते, गोठ्याच्या आढ्यातून विळे निघतात, माळ्यावरून करवत आणि रंधा खाली उतरतो. वखराची पास, कोळप्याची फाळकी, तिफणीचे फण, टिकाव, फावडे, पहार, कुऱ्हाड असा सगळा गोतावळा एका रांगेत मांडला जातो. उद्या त्यांना हळदकुंकू वाहायचे, झेंडूची फुले ठेवायची, नैवेद्य दाखवायचा. ही चाल कुणी शिकवली, कधीपासून सुरू झाली, हे विचारण्याची आपल्याला कधी गरज वाटलेली नाही. आश्विन शुद्ध नवमीला ज्याच्या हाताला जे साधन पोट देते त्यापुढे तो हात जोडतो, इतके पुरेसे असते. पण रांग मांडताना दरवर्षी नजरेत भरते ते वेगळेच. आषाढात लखलखीत असलेल्या खुरप्यावर तांबूस खवले धरलेले असतात, पकडीचा सांधा उघडत नाही, आणि कुऱ्हाडीच्या पात्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे गंजाने कोरून ठेवावेत तसे उमटलेले असतात.

या सणाचा अर्धा जीव नवमीत नसून अष्टमीच्या संध्याकाळी आहे, असे म्हणावेसे वाटते. पूजेआधी साधन धुतले, घासले, पुसले पाहिजे, हा दंडक पूर्वजांनी घातला त्यामागे वर्षातून एकदा तरी प्रत्येक अवजार हातात घेऊन उलटसुलट पाहिले जावे, ही व्यवहारी दृष्टी असणार. कोणत्या विळ्याची धार गेली, कोणत्या कुदळीचा दांडा हलतो, काय लोहाराकडे न्यायचे आणि काय मोडीत काढायचे, याचा हिशेब त्या संध्याकाळी होतो. धार्मिक विधीच्या पोटात घातलेली ही वार्षिक तपासणी आहे. गेल्या काही वर्षांत आपण तपासणी सोडली आणि विधी तेवढा ठेवला. गंजावरच कुंकू लावून मोकळे होण्याइतके आपण घाईत आहोत.

गंज येतो कसा, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एकीत कोरडी हवा, एकीत उकळून वर तेलाचा थर दिलेले पाणी, एकीत साधे पाणी आणि मोकळी हवा. आठवड्याने तिसऱ्याच नळीतला खिळा तांबडा झालेला असतो. लोखंडाला गंजायला पाणीही लागते आणि प्राणवायूही. दोहोंपैकी एक अडवला की काम थांबते. त्यासाठी अवजार पाण्यात बुडावे लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की डोळ्यांना न दिसणारी पाण्याची पातळ पापुद्री लोखंडाच्या अंगावर बसते आणि तेवढी पुरते. त्या पाण्यात मीठ मिसळले की गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो. आपल्या घामात मीठ असते. कुऱ्हाडीवरचे बोटांचे ठसे उमटतात ते त्यामुळे. तांब्या-पितळेवर चढणारा थर दुधावरच्या सायीसारखा अंग झाकून घेतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र, भुसभुशीत असतो. तो स्वतः ओलावा धरून ठेवतो, सुटून पडतो आणि खालच्या नव्या लोखंडाला उघडे पाडतो. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून पकडीचा सांधा जाम होतो, आणि म्हणूनच आतली सळई गंजली की घराचा स्लॅब फुगून फुटतो. दोन्हीकडे दुखणे एकच आहे.

आता आपली अवजारे पावसाळाभर कुठे असतात ते पाहू. निंदणी आटोपून आलेले खुरपे मातीसकट गोठ्याच्या कोपऱ्यात पडते. काळी माती ओल सोडत नाही, ती पात्याला चिकटून राहते आणि पातळ पापुद्रीचे काम रात्रभर करते. बऱ्याच घरी अवजारे खताच्या रिकाम्या गोणीत भरून ठेवण्याची सवय आहे. गोणी रिकामी दिसते, पण तिच्या शिवणींत खताचे दाणे राहिलेले असतात, ते हवेतले पाणी ओढून घेतात आणि खाऱ्या ओलीत लोखंड भिजत ठेवतात. पत्र्याच्या खोलीत आणखी एक गोष्ट घडते. दिवसा तापलेला पत्रा पहाटे गार पडतो, आतल्या दमट हवेतले पाणी त्याच्यावर आणि खाली ठेवलेल्या गार लोखंडावर दवासारखे धरते. फरशीवर आडवे टाकलेले फावडे खालून ओल शोषते. जुन्या मातीच्या घरांत भिंतीला खुंट्या असत आणि अवजार खुंटीला टांगलेले असे, त्याला चारी बाजूंनी वारा लागे. नव्या घरांत आपण मोबाइल चार्ज करायला भिंतीत जागा ठेवली, कुदळीला ठेवली नाही.

पूर्वी ही काळजी एकट्या घरधन्याची नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बलुत्याची जी व्यवस्था नोंदलेली आहे, तिच्यात लोहार आणि सुतार हे गावाचे नेमलेले कारागीर. पेरणीआधी फाळ ठोकून द्यायचा, पास पाजवून द्यायची, विळ्याला दाते पाडायचे, आणि मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने घ्यायचा. या व्यवस्थेत जातीची जी कुंपणे होती, लोहाराच्या पोराने लोहारच व्हावे असा जो जाच होता, त्याची आठवण गोडवे गाऊन झाकण्यात अर्थ नाही. ती मोडली हे बरेच झाले. मात्र तिच्याबरोबर एक गोष्ट नकळत गेली. दुरुस्ती हा वर्षाच्या चक्राचा ठरलेला भाग होता, तो राहिला नाही. बलुत्याबाहेरचे घिसाडी उन्हाळ्यात गावाच्या कडेला पाल ठोकत. भात्यापुढे बसलेला पुरुष सांडशीने तांबडे लोखंड ऐरणीवर फिरवतो आणि समोर उभी बाई दोन्ही हातांनी घण उचलून नेमक्या जागी घालते, हे दृश्य आपल्या भागात आजही अधूनमधून दिसते. त्यांच्या हाती बहुधा मालमोटारीच्या कमानीचा जुना पाटा असतो. तो पोलाद जातीचा, चिवट. त्याचा कोयता चांगला टिकतो. बाजारात टांगलेला पातळ पत्र्याचा, रंग फासलेला विळा स्वस्त पडतो हे खरे, पण त्याला दुसऱ्यांदा धार लावावी असे त्याच्यात काही नसते. तो एका हंगामाचा सोबती. आपण स्वस्त घेतो, टाकतो, पुन्हा घेतो, आणि पाजवून देणाऱ्याचा भाता त्यामुळेच विझत जातो. मग चांगले अवजार घेतले तरी ते न्यायचे कुणाकडे, असा प्रश्न पडतो.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. पूजेच्या मांडणीत ट्रॅक्टरला मोठा हार पडतो, मोटारसायकलला पडतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या कपाशीच्या शिवारात सर्वाधिक तास हातात राहणारे साधन कोणते, असे विचारले तर उत्तर खुरपे हेच येईल, आणि ते बाईच्या हातात असते. बहुतेक मजूर बाया आपले खुरपे घरून आणतात. ते बोथट असेल तर तण तुटत नाही, उपटावे लागते, मनगट दुखते, आणि दिवसाचे काम कमी दिसते ते वेगळेच. त्या खुरप्याला धार लावून देणे हे मालकाचे काम की मजुराचे, हा प्रश्न आपल्याकडे कधी नीट विचारला गेलेला नाही. कानशीचे चार हात मारायला वेळ किती लागतो?

दसऱ्याची कथा सांगताना आपण शमीचे झाड सांगतो. पांडवांनी अज्ञातवासाला जाताना शस्त्रे शमीवर ठेवली, वर्ष सरल्यावर उतरवली, म्हणून शस्त्रपूजा. कथेतला ठेवण्याचा भाग मात्र आपण झटकन ओलांडून जातो. महाभारताच्या विराटपर्वात त्याचे वर्णन बारकाईने आले आहे. पांडव आधी धनुष्यांच्या दोऱ्या सैल करतात. नकुल झाडावर चढतो आणि मोडणार नाहीत अशा फांद्या निवडून, जिथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी शस्त्रे घट्ट बांधतो. लोकांनी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधून ठेवतात. विराटाच्या गायी सोडवायची वेळ आली तेव्हा ती शस्त्रे जशीच्या तशी हाती आली, यात देवाच्या कृपेइतकाच नकुलाने निवडलेल्या फांदीचाही हात आहे. ताण उतरवून ठेवणे आणि ओलीपासून दूर ठेवणे, या दोन गोष्टी त्या कवीला ठाऊक होत्या आणि सांगाव्याशा वाटल्या होत्या.

हीच जागरूकता पुढे राज्यकारभाराच्या भाषेत दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांचे प्रकरण आहे. त्यात दारूखाना कुठे असावा हे सांगितल्यावर, हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहर करून ठेवावेत, अशी ताकीद आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघणारी फौज आपल्याला आठवते. पावसाळाभर गडावर सामान उन्हात घालणारा हवालदार आठवत नाही. त्याच्यावर पोवाडा नाही.

आपल्या तालुक्याला तर लोखंडाच्या कर्तबगारीचा असा पुरावा उशाशी लाभला आहे की त्याच्याकडे या दृष्टीने पाहायचे राहूनच जाते. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्याच्या हद्दीत आहेत. फर्दापूरवरून आत गेले की वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर तो कडा उभा राहतो. इसवीसनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात एकदा आणि पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात दुसऱ्यांदा, काळा बेसॉल्ट छिन्नीने पोखरून माणसांनी हे उभे केले, किंवा उभे असलेल्यातून मोकळे केले म्हणा. चित्रे पाहायला जाणाऱ्यांनी एकदा चोविसाव्या लेण्यापाशी थांबावे. ते अपुरे राहिले आहे, आणि अपुरे राहिल्यामुळे बोलके आहे. छताकडून खाली कसे उतरत गेले, खडकात चर पाडून मधले कंगोरे कसे उडवले, ते तिथे उघडे दिसते. भिंतींवर छिन्नीच्या रेघा अजून मोजता येतात. इतका कठीण दगड छिन्नीची धार किती वेळ टिकू देत असेल? दगड फोडणाऱ्या प्रत्येक जथ्यामागे कुठेतरी भाता पेटता असलाच पाहिजे, बोथट छिन्न्यांची टोपली खाली जात आणि शेकून पाणी दिलेल्या छिन्न्यांची वर येत असलीच पाहिजे. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात ते देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचे नाव आहे. छिन्न्या पाजवणाऱ्याचे नाही.

त्याच सुमाराचे लोखंड दिल्लीच्या मेहरौलीत उभे आहे. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड असा तो लोहस्तंभ बहुतेक अभ्यासक दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला मानतात. त्याचीच मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी दिलेली, म्हणजे हे सोयऱ्यांचे लोखंड म्हणायला हरकत नाही. सोळाशे वर्षे उघड्यावर राहून तो फारसा गंजला नाही, याचे कोडे कानपूर आयआयटीच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून सांगितले. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक राहिले होते. त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, दाट थर तयार झाला आणि त्याने पुढच्या गंजाची वाट अडवली. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला होती. आपल्या कुदळीच्या नशिबी तसले लोखंड नाही आणि तसली हवाही नाही. तिला कुणीतरी बाहेरून थर द्यावा लागतो.

तो देण्याची रीत अवघड नाही आणि तिला लागणारे बहुतेक सामान घरात असते. माती आधी कोरडी खरवडायची; ओल्या मातीवर पाणी ओतून ती लोखंडाच्या खाचांत ढकलण्यात फायदा नाही. वरवरचा गंज राख किंवा विटकरीची भुकटी आणि काथ्याने उतरतो, थोडे रॉकेल मिळाले तर आणखी लवकर. मुरलेल्या गंजाला आंबट लागते. चिंचेचा कोळ, शिळे ताक, लिंबू यांतली आम्ले गंज विरघळवतात, म्हणून अवजार रात्रभर त्यात ठेवण्याची जुनी युक्ती बरोबर आहे. ती अर्धवट पाळली तर मात्र उलटते. आंबटातून काढलेले उघडे लोखंड हवा लागताच, घटकाभरात पुन्हा तांबूस पडते. ते लगेच धुवायचे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचे, फडक्याने पुसायचे आणि उन्हात किंवा चुलीच्या उबेला पूर्ण सुकवून, कोमट असतानाच तेलाचा हात फिरवायचा. दुकानात मिळणारी गंजरोधक द्रवे बहुधा फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लावर चालतात. पहिल्याने मेहरौलीच्या खांबासारखा फॉस्फेटचा थर बसतो. दुसऱ्याचा गुण हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले कारकून शतकानुशतके वापरत होते, तीच लोखंड आणि टॅनिनची क्रिया.

तेल कोणते, यावर घराघरात वाद असतो. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे खवट होते. एरंडेलही वाळत नाही. गाडीच्या आसाला वंगण म्हणून ते उत्तम, पात्याला बेताचे. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू वाळते आणि त्याची कातडी धरते. करडईचे तेलही, जरा उशिराने, तसेच वागते. ही दोन्ही पिके मराठवाड्याच्या रब्बीत पिढ्यान्पिढ्या होती. गहू-हरभऱ्याच्या शेताच्या कडेने त्यांच्या ओळी असत. लाकडी दांड्याला तर जवसाच्या तेलासारखे दुसरे काही नाही, ते आत मुरते आणि लाकूड तडकू देत नाही. फक्त तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. पसरून वाळत घालावीत. इंजिनातले जळके काळे ऑइल फुकट मिळते म्हणून सर्रास फासले जाते, त्याविषयी मात्र स्पष्ट नापसंती नोंदवायला हवी. त्यात इंजिनातली आम्ले आणि धातूचा कीस असतो, ते हाताच्या कातडीला वाईट, आणि पहिल्याच खुरपणीला ते आपल्याच मातीत उतरते.

दांडा ढिला झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायची, ही आणखी एक घरगुती युक्ती. सकाळी दांडा घट्ट बसलेला असतो खरा. पण फुगलेले लाकूड लोखंडाच्या नेढ्यात दाबले जाऊन आतून चिरडते, सुकल्यावर आधीपेक्षा अधिक ढिले होते, आणि नेढ्याच्या आत जिथे फडके पोहोचत नाही तिथे गंज घर करतो. कोरड्या बाभळीची पाचर ठोकावी, दुसरा इलाज नाही. धारेचेही तसेच. गावात आता वीज आणि ग्राइंडर आहे. ठिणग्या उडतात, पाते चमकते आणि काम पटकन झाल्यासारखे वाटते. धारेवर निळा रंग दिसला की समजावे, लोहाराने दिलेले पाणी उतरले. तापलेले पोलाद मऊ पडते आणि अशी धार दोन दिवस टिकत नाही. ग्राइंडरवर धरलेले पाते पुन्हापुन्हा पाण्यात बुडवावे, नाहीतर कानस किंवा कुरुंदाचा दगड घेऊन ओट्यावर निवांत बसावे. कानशीला तेल लावू नये, दाते बुजतात. तिला सुकी ठेवून वेगळी टांगावी.

आता पूजेकडे येऊ. घासूनपुसून, तेल लावून मांडलेल्या अवजारांवर आपण पाणी शिंपडतो, ओल्या हळदीकुंकवाची बोटे ओढतो, दव सुकलेले नसलेला झेंडू ठेवतो आणि रात्रभर तसेच राहू देतो. दसऱ्याच्या सकाळी फूल उचलावे तर त्याच्याखाली फुलाच्याच आकाराचा तांबूस डाग! श्रद्धेला धक्का न लावता यावर उपाय आहे. कोरडे कुंकू वाहावे, फुले पात्यावर न ठेवता दांड्याला बांधावीत, आणि दसऱ्याला आपट्याचे सोने वाटायला बाहेर पडण्याआधी एकदा कोरडे फडके आणि तेलाचा बोळा फिरवावा. पूजा उतरवणे हाही पूजेचाच भाग असतो.

दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून नव्या खरेदीचा दिवस. शोरूमबाहेर हार घातलेले ट्रॅक्टर उभे असतात, त्यांच्या चाव्या या दिवशीच हाती घ्यायच्या असतात. या आनंदात बिघाड करण्याचे कारण नाही. एकेकाळी लोखंडी नांगरच आपल्याला नकोसा होता. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असे शेतकरी म्हणत, आणि त्यांचे मन वळवता वळवता लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लाकडी नांगर सुतार बदलून देई. लोखंडी नांगराने शेतकऱ्याला वंगणाची शिस्त शिकवली. माती पलटणारा त्याचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत राहिला तरच काळी माती त्यावरून सरकते. हंगाम संपल्यावर तो ग्रीस न लावता ठेवला, तर पुढच्या वर्षी गंजलेल्या पत्र्याला माती लपेटून बसते आणि बैल असोत की ट्रॅक्टर, ओढ वाढते, डिझेल वाढते. सोयगावच्या एसटी आगारात खंडेनवमीला पाने आणि जॅक ओळीने मांडतात, वाळूजच्या कारखान्यांत यंत्रे थांबवून पुसतात. तिथले कामगार रोजच देखभाल करतात, त्यांना सण हे निमित्त लागत नाही. शेताच्या बांधावर पावसात उभा राहिलेला रोटाव्हेटर मात्र अजून आपल्या नजरेला खुपत नाही.

शेजारच्या शेंदुर्णीवरून जाणारी पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० साली थांबली. चाके फिरत होती तोवर रुळांचा माथा लखलखत असे. चाके थांबल्यावर तो तांबडा व्हायला फार दिवस लागले नाहीत. वापर हाही एक प्रकारचा राखणदार असतो. जे रोज वापरात नाही त्याची राखण कुणाकडे तरी सोपवावी लागते, आणि सार्वजनिक मालमत्तेचे घोडे नेमके इथे अडते. गंजापायी जगाचे दरवर्षी सुमारे अडीच लाख कोटी डॉलरचे, म्हणजे जागतिक उत्पन्नाच्या साधारण ३.४ टक्के नुकसान होते, असा अंदाज २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मांडला. त्यातले १५ ते ३५ टक्के आज माहीत असलेल्या उपायांनीच वाचू शकते, असेही त्यात म्हटले आहे. नवा शोध लागण्याची वाट पाहायची नाही. फडके आणि तेल यांचीच ती मोठी भावंडे आहेत.

गावाच्या पातळीवर हा आकडा पाहायचा तर दूर जायला नको. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी आपण गावाची शीव ओलांडतो, तेव्हा कुठे ना कुठे वाटेत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा लागतोच. त्याची लोखंडी दारे, ज्यांना आपण बरगे म्हणतो, पावसाळ्याआधी काढून ठेवायची आणि पुराचा जोर ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून, पुन्हा बसवायची, अशी त्या बंधाऱ्याची घडण आहे. काढलेली दारे चार महिने काठावर गवतात पडून राहिली तर खालची बाजू कुजते, कडा खाल्ल्या जातात, रबरी पट्ट्या तडकतात. काही रात्री-अपरात्री भंगारात जातात. मग दार खाचेत बसत नाही, बसले तर फटींतून पाणी निघून जाते, आणि पाऊस भरपूर होऊनही बंधारा रिकामा राहतो. खुरपे गंजले तर एका बाईचे मनगट दुखते. हे दार गंजले तर अख्ख्या शिवाराच्या विहिरी उतरतात. तरीही खंडेनवमीच्या मांडणीत या दारांना कुणी हळदकुंकू वाहिल्याचे ऐकिवात नाही. ती कुणाची म्हणायची, पाटबंधाऱ्याची की पंचायतीची, एवढ्याच वादावर अष्टमीची संध्याकाळ निघून जाते.

सोने लुटून परतताना यंदा चार-दोन जणांनी त्या वाटेने यावे, दारे मोजावीत, उचलून खालची बाजू पाहावी. ज्यांच्या कडा शाबूत आहेत ती घासून, रंगाचा हात देऊन लगेच बसवता येतील. बाकीच्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवता येईल. नाल्यांना अजून धार आहे. घाटाखालचा उतार उभा असल्याने ती दिवाळीनंतर झपाट्याने बारीक होते. हरभरा आता पेरला जाईल, आणि त्याला फुलोऱ्यात द्यायचे पाणी याच काही आठवड्यांत अडवावे लागेल.